कमलम्माचं पाचवं वचन

आमच्या मंडळीत कमलम्माचं ऐकणारी एकच होती, ती म्हणजे घंटा. कमलम्मानं दोर ओढला की ती निमूट वाजायची. बाकी आम्ही सगळे कमलम्माला कामं सांगणारे.

अहमदपूरच्या मिशन कंपाउंडातली आमची लूथरन मंडळी म्हणजे बावीस घरं, एक चिंच, तळाला गाळ राहिलेला एक आड आणि भाषणाची हौस असलेले सात पुरुष. पहिला मिशनरी देगलूरकडून बैलगाडीनं आला आणि गावाबाहेर गाडीचा आस मोडला म्हणून इथंच उतरला, असं म्हातारी माणसं सांगायची. आस शाबूत राहिला असता तर आमच्या वाट्याचं तारण सरळ औशाला गेलं असतं. गावातली माणसं विचारायची, "लूथरन म्हंजे काय वो बाई?" मी शाळेत शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे, त्यामुळे असले प्रश्न माझ्याच वाट्याला यायचे. मी सांगायचे, "आमच्याकडं उपासना लांब असते." तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं, आणि ते खोटंही नव्हतं.

कमलम्मा देगलूरच्या पलीकडची. तिकडं तेलुगू लूथरन पुष्कळ, तिथून सतराव्या वर्षी लग्न होऊन ती आमच्यात आली. नवराबायकोला चर्चची झाडलोट आणि घंटा मिळाली. पुढं नवरा गेला, काम राहिलं. घंटा वाजवायची, बाकं पुसायची, प्रभुभोजनासाठी बिनमिठाची चपाती लाटून तिचे तुकडे करायचे, मनुका भिजवून रस काढायचा, आणि सगळीकडं पाणी भरायचं. तिला तेलुगू झरझर वाचता यायचं. मराठी मात्र नाही. म्हणून आमच्या नोंदवहीत तिच्या नावापुढं 'निरक्षर' असं लिहिलेलं होतं.

ते लिहिणारे जखऱ्या मास्तर. निवृत्त हेडमास्तर आणि तीस वर्षं मंडळीचे सेक्रेटरी. पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू, ते यायचे आणि बदलून जायचे, मास्तर तिथंच. त्यांच्याकडं औषधांची एक लाकडी पेटी होती आणि तिच्याबरोबर आलेलं एक पुस्तक. त्या दोहोंच्या जोरावर ते कंपाउंडाचे अर्धे डॉक्टर होते. माणूस प्रामाणिक, पण आपलं चुकू शकतं ही कल्पना त्यांना कुणी कधी सांगितलीच नव्हती.

आता उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची आमची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना. प्रभूनं क्रुसावर काढलेली सात वचनं, आणि प्रत्येक वचनावर एकेका पुरुषाचं प्रवचन. वचनं कुणी घ्यायची हे त्याआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चिठ्ठ्या काढून ठरायचं. आलेली चिठ्ठी म्हणजे देवाचा निर्णय, ती परत करायची नाही, हा नियम मास्तरांचाच. आम्ही ऐकणाऱ्यांनी त्या दिवशी तीन वाजेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. मास्तरांनी तर एक्केचाळीस वर्षं घेतला नव्हता, प्रवचन करताना सुद्धा. इतर बोलणाऱ्यांना मात्र घसा कोरडा पडतो म्हणून सूट होती. पुलपिटावर, म्हणजे प्रवचनाच्या उंच चौथऱ्यावर, त्यांच्यासाठी तांब्या-पेला भरलेला असायचा. तो कमलम्मा भरायची आणि मागच्या दाराशी उपाशीतापाशी बसून सव्वीस वर्षं बघायची की कोण किती पितो.

पाचवं वचन तहानेचं. ते बऱ्याचदा शेषेरावांना यायचं, इतकं की देवाच्या निर्णयात शेषेरावांचा हात असावा अशी आम्हाला शंका होती. शेषेराव तहसिलीत कारकून. ते पुलपिटावर उभे राहून बोटं नाचवत सांगायचे की प्रभूला लागलेली तहान ही पाण्याची नव्हेच, ती आत्म्यांची तहान होती. एवढं सांगून होईपर्यंत त्यांचे तीन पेले व्हायचे.

मग आला ब्याऐंशीचा पाऊस, म्हणजे आलाच नाही. त्याच वर्षी पंधरा ऑगस्टला उस्मानाबादचे दोन तुकडे होऊन आमचा नवा लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले गेले. पेढ्यांवर प्यायला पाणी कुठून आणायचं ते कुणी सांगितलं नाही. डिसेंबरात आमचा आड आटला. मास्तरांनी टँकरसाठी अर्ज केला, पण मंडळीच्या छापील कागदावर. त्या कागदांवर वरच 'जिल्हा उस्मानाबाद' असं छापलेलं, आणि असले चारशे कागद शिल्लक होते. ते वाया घालवणं मास्तरांच्या तत्त्वात बसेना. अर्ज तीनदा परत आला. चौथ्यांदा मी म्हणाले, "मास्तर, खोडून लातूर लिहा की." ते म्हणाले, "खाडाखोड केलेला अर्ज मी आयुष्यात पाठवला नाही." तोवर बायका दीड मैलावरून पाणी आणत होत्या. मास्तरांचं तत्त्व सुद्धा त्याच पाण्यानं आंघोळ करत होतं.

नव्या जिल्ह्यानं आमचं आणखी एक नुकसान केलं. शेषेरावांची बदली लातूरला झाली. सात वचनं आणि माणसं उरली सहा.

झावळ्यांच्या रविवारी उपासना संपल्यावर दानाच्या पिशवीत सात चिठ्ठ्या पडल्या. मास्तरांना पहिलं, क्षमेचं वचन आलं. इतर पाच जणांनी आपापल्या काढल्या. पिशवीत एक उरली. मास्तर म्हणाले, "शेवटची पाळकसाहेबांनी घ्यावी, दोन वचनं करावीत." पाळकसाहेब माधवराव तिशीतले, नगरकडून नव्यानंच आलेले. आधीच वाट्याला आलेल्या सातव्या वचनाच्या धास्तीनं त्यांचा चेहरा उतरला होता. ते पिशवीकडं हात न्यायला लागले तेवढ्यात बाकांखालच्या शिंदीच्या झावळ्या गोळा करणारी कमलम्मा उठली. तिनं झावळ्या बाजूला ठेवल्या, पदराला हात पुसले, पिशवीत हात घातला आणि चिठ्ठी काढून माझ्यापुढं धरली.

"बाई, वाचा की."

मी वाचलं. पाचवं होतं.

"मंग हे माझं," ती म्हणाली.

मास्तर म्हणाले, "कमलम्मा, बायकांनी वचन सांगायची रीत नाही."

"चिठ्ठी परत करायची बी रीत न्हाई, मास्तर. तुमीच म्हणता."

"तुला वाचता येत नाही."

"तेलुगू येतंय. प्रभू मराठीत बोलला व्हता का?"

मास्तरांनी पाळकसाहेबांकडं बघितलं. दोन प्रवचनांतलं एक टळलं म्हणून त्या बिचाऱ्याचा चेहरा इतका उजळला होता की त्याच्याकडून न्याय मिळणं शक्य नव्हतं. "नियम तर नियमच आहे, मास्तर," ते म्हणाले. मास्तर पुढचा सगळा आठवडा घरोघर जाऊन कमलम्माची भाषा कशी अशुद्ध आहे ते सांगत फिरले. मी तिला विचारलं, "कशाला हा हट्ट?" ती पाटावर मनुका निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चौदा वर्सं त्या शेषेरावभाऊचं ऐकलं, बाई. एक डाव माझं बी ऐकू द्या. मेल्यावर कोन ऐकतंय?"

त्या वर्षी उत्तम शुक्रवार नेमका एक एप्रिलला आला. सकाळी निरोप आला की शेषेरावांनी लातूरला स्वतःच्या हातानं नवा अर्ज लिहून दिला आहे आणि आज कंपाउंडात टँकर येतोय. तारीख बघून सगळे हसले. तरी हसता हसता प्रत्येकानं आपली घागर, हंडा, कळशी आणून फाटकापाशी रांगेत ठेवली. बावीस घरांची भांडी मंडळीपेक्षा शिस्तीनं उभी होती. माझ्या सासूबाई "वचनं मी ऐकली आहेत" म्हणून राखणीला तिथंच बसल्या.

बाराला सुरुवात झाली. मास्तरांनी क्षमेवर पस्तीस मिनिटं घेतली. क्षमा या शब्दाचा धातू सांगितला, तिचे चार प्रकार सांगितले, आणि पाणी न पिता खाली बसले. पुढच्या तिघांनी वीस-वीस मिनिटं घेतली आणि तांब्या जवळपास उपसला. आम्ही ऐकणारे जिभेनं ओठ चाटत बसलो होतो. एक चाळीसला मी कडवं वाजवून थांबले आणि कमलम्मा मागच्या दारातून चालत पुढं आली. पांढरं धुतलेलं लुगडं, अनवाणी पाय. पुलपिटाची तिसरी पायरी कुरकुरते हे फक्त तिलाच माहीत होतं, ती तेवढी तिनं ओलांडली. वर जाऊन तेलुगूत दोन ओळींची प्रार्थना केली आणि तोंड उघडलं.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.

कुणी हललं नाही. पण एकूण एक डोळे दाराकडं गेले. टँकर पाव तास थांबणार, माणूस नसलेल्या घागरीच्या वाट्याचं पाणी पलीकडच्या गल्लीला जाणार, पुन्हा कधी येईल ते देव जाणे. आणि इकडं प्रभू क्रुसावर. पाळकसाहेब अर्धे उठले, अर्धे बसले. दुसरा हॉर्न वाजला तेव्हा एका म्हातारीनं उघड हुंदका दिला. तो प्रभूसाठी होता असं मला वाटत नाही.

कमलम्मानं सगळ्यांवरून नजर फिरवली. सव्वीस वर्षं थांबून मिळालेली तिची पंधरा मिनिटं होती ती.

"जावा," ती म्हणाली. "आधी पानी भरा. मी हाय हितंच."

मंडळी उठली ती अशी की शेवटच्या न्यायाची तुतारी वाजल्यावर मेलेले सुद्धा इतक्या चपळाईनं उठायचे नाहीत. पाळकसाहेब काळा झगा गुडघ्यापर्यंत उचलून सगळ्यांच्या पुढं होते. मिनिटाभरात चर्च रिकामं झालं. उरलो आम्ही दोघं. माझ्या घागरींना सासूबाई होत्या, म्हणून मी पेटीपाशी. आणि पहिल्या बाकावर मास्तर. त्यांचा गुडघा दुखायचा, त्यांचा हंडा पुतण्या भरणार होता, आणि तसंही तीनच्या आत उठणं त्यांना मान्य नव्हतं.

मला वाटलं कमलम्मा खाली उतरेल. ती उतरली नाही. भरलेल्या चर्चसमोर बोलावं तशी ती त्या रिकाम्या बाकांसमोर बोलायला लागली.

"मी सव्वीस वर्सं हितं पानी ठिवून राहिले. तहानेवर बोलनारा दोनदा पितो. शेषेरावभाऊ तीनदा. आन् सांगायचे, प्रभूला पान्याची तहान नव्हती, आत्म्याची व्हती. आसंल. ते शिकलेले हायत. पर मला वाटतं, पान्याचीच व्हती. उन्हात उभा केला मानसाला, आंगातलं रगत गेलं, मंग त्यो पानीच मागनार की. दुसरं काय मागंल? आन् देवाच्या लेकानं पानी मागितलं तर त्यात लाज कशाची, की आपुन त्याचं दुसरंच काय तरी करायचं?"

बाहेर भांड्यांचा खणखणाट चालला होता. कुणीतरी कुणाच्या तरी आईचा उद्धार करत होतं, उत्तम शुक्रवार असूनही. कमलम्माचा आवाज थोडा खाली आला.

"भात्तरला माझी रत्नम्मा तीन वर्साची व्हती. तिला जुलाब लागले. दाहम, दाहम म्हनायची. आमच्यात तहानेला दाहम म्हंत्यात. शिकलेल्या मानसांनी सांगितलं, कमलम्मा, पानी देऊ नको, पान्यानं आजार वाढतो. म्या न्हाई दिलं. दुष्काळ व्हता, पर त्या दिशी माझा रांजन भरलेला व्हता. ती रांजनाकडं बघायची आन् माझ्याकडं बघायची. म्या दोन दिस न्हाई दिलं."

मी मास्तरांकडं बघितलं नाही. शिकलेली माणसं म्हणजे कोण, हे कंपाउंडात सगळ्यांना माहीत होतं. अकरा वर्षं ते कुणी बोललं नव्हतं. आठवडाभर मास्तर कमलम्माच्या व्याकरणाची भीती घालत फिरत होते, आणि मला आत्ता कळलं की ती भीती व्याकरणाची नव्हती.

"ते क्रुसापाशी शिपाई व्हते ना, लई वंगाळ मानसं. पर त्यांनी सुदीक आंबीत, म्हंजे आंबट दारूत, बोळा भिजवून त्याच्या तोंडाला लावला. म्या तेवढं बी केलं न्हाई. म्हनून मला हे वचन पायजे व्हतं. दुसऱ्या कुनाला ते कळत न्हाई आसं म्हनत न्हाई मी. पर मला कळतंय."

मग तिनं तांब्या उचलला. तळाला पेलाभर पाणी होतं. ते तिनं पेल्यात ओतलं, तिसरी पायरी वगळून खाली आली आणि मास्तरांपुढं पेला धरला.

"घ्या मास्तर."

"तीन वाजायचेत," मास्तर म्हणाले.

"ठाव हाय. तुमचे ओठ फुटलेत. घ्या."

मास्तर म्हणाले, "कमलम्मा, मी पुस्तकात वाचून सांगितलं होतं."

"हाव," ती म्हणाली. "घ्या."

मास्तरांनी पेला घेतला. ते सगळं पाणी प्याले आणि रिकामा पेला मांडीवर धरून रडले. मी पण रडले. पेटीवर डोकं ठेवून रडले, आणि एक सूर दाबला जाऊन कण्हत राहिला. कमलम्मा तेवढी रडली नाही. तिनं पेला घेतला, पदरानं पुसला आणि तांब्यावर पालथा घातला.

मंडळी परत आली ती भिजलेली, हसरी आणि थोडी शरमलेली. पाळकसाहेबांच्या झग्यातून पाणी ठिबकत होतं. त्यांनी विचारलं, "पाचवं वचन?"

"झालं," मास्तर म्हणाले.

तीन वाजता मास्तरांनी नेहमीसारखी उपासनेची वही उघडली. मी पेटी बंद करता करता बघितलं. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: पाचवे वचन, श्रीमती कमलम्मा. वेळ बारा मिनिटे. उपस्थिती दोन. आणि खाली, कारण माणूस प्रामाणिक होता, लिहिलं होतं की सेक्रेटरीने एक वाजून बावन्न मिनिटांनी पाणी घेतले.

संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं की सगळ्यांच्या घागरी भरल्या, पण कमलम्माची कोरडी. ती तर पुलपिटावर होती. बायका एकमेकींवर ढकलत बसल्या की तिची कुणी भरायची होती. मी सुद्धा त्यांतलीच होते, उगाच साव कशाला बनू. आम्ही बोलत असताना मास्तर काठी टेकत आमच्यासमोरून गेले. दुसऱ्या हातात त्यांची पितळी कळशी होती, पावलागणिक सांडत होती. त्यांनी ती कमलम्माच्या दारात ठेवली आणि परत फिरले. रविवारी पहाटे पुनरुत्थानाची घंटा झाली तेव्हा ती कळशी घासून लखलखीत होऊन मास्तरांच्या ओट्यावर परत आलेली होती.

पुढच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी पिशवीत सहाच चिठ्ठ्या निघाल्या. पाळकसाहेब म्हणाले, "पाचवी राहिली का?" मास्तर म्हणाले, "ती गेलेली आहे." त्यानंतर नऊ वर्षं कमलम्मानं पाचवं वचन सांगितलं. भरल्या चर्चमध्ये, दरवर्षी तेच. आम्हाला पाठ झालं, शेषेराव लातूरहून येऊन मागं बसून ऐकायचे आणि मान हलवायचे. रत्नम्माचं मात्र तिनं पुन्हा कधी काढलं नाही. शेवटी ती एक पेला भरून खाली यायची आणि पहिल्या बाकावर मास्तरांना द्यायची. ते तीनच्या आत, सगळ्या मंडळीदेखत प्यायचे. नवे लोक विचारायचे, हे काय आहे? आम्ही सांगायचो, लूथरन रीत आहे.

दहाव्या वर्षी मास्तर नव्हते. कमलम्माचं बोलून झालं. सवयीनं तिनं पेला भरला, खाली आली आणि पहिल्या बाकापुढं थांबली. बाक रिकामा होता. आम्ही वाट बघत होतो की ती आता पेला कुणाला देते. छत्तीस वर्षं त्या चर्चमध्ये तिनं उत्तम शुक्रवारी तीनच्या आत पाणी घेतलेलं कुणी बघितलं नव्हतं.

ती मास्तरांच्या जागेवर बसली आणि पाणी स्वतः प्याली.